दोन्ही यंत्रांचा मान

पेडण्याच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली खिळे, नळ, पाण्याच्या टाक्या. वर आम्ही, वेबसाइट बनवणारे. खालच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, दोन इंची खिळा मागतं, दुकानदार दोन इंची खिळा देतो, गिऱ्हाईक जातं. वर मात्र खिळा कुठल्या हातोडीनं ठोकायचा ह्यावर चवथीपासून दसऱ्यापर्यंत भांडण चाललं, आणि तेवढ्यात माझ्या मावशीचं घर तिच्या हातातून जायच्या बेताला आलं. आता इतके महिने झाले, तरी ते आठवलं की माझं डोकं असं तापतं की त्यावर पोळी भाजावी. एकदा भाजलीही. बरी फुगली.

ती हातोडी म्हणजे बिल्ड टूल. हे काय असतं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हालाही माझ्याबरोबर नीट चिडता येईल. वेबसाइटचा दर्शनी भाग, जो तुम्ही फोनवर बघता आणि बोटानं वरखाली करता, तो लिहिणं हे माझं काम. तो आम्ही शेकडो बारक्या बारक्या फायलींत लिहितो. त्या सगळ्या तशाच्या तशा लोकांच्या फोनवर ओतता येत नाहीत. पार्स्याला आमच्या बागायतीत काजूचा हंगाम आला की बोंडं गोळा करायची, बिया वेगळ्या काढायच्या, बोंडं दगडी कुंडीत तुडवायची, रस भाटीवर चढवायचा, आणि शेवटी जे उतरतं ते बाटलीत भरायचं. पाहुण्यापुढे टोपलीभर बोंडं ठेवून ‘घे, फेणी पी’ असं कोणी म्हणत नाही. बिल्ड टूल म्हणजे ती कुंडी आणि ती भाटी. आमच्या फायली घेतं, नको ते टाकतं, उरलेलं पिळतं, आणि एक आटोपशीर गाठोडं बांधून देतं. गाठोडं हलकं असलं तर पान चटकन उघडतं. जड असलं तर तुम्ही ते गोल फिरणारं चाक बघत बसता. संपलं. शास्त्र एवढंच.

अशी यंत्रं ढिगानं आहेत आणि बहुतेक फुकट मिळतात. फुकट मिळतात म्हणूनच माणसं त्यांच्यावरून जिवावर उठतात. बायकोनं आणलेला पंखा आवडला नाही तर नवरा दोन दिवस धुसफुसतो आणि गप्प बसतो. पण बिल्ड टूल! त्यावरून सख्खे भाऊ वेगळे झालेले मी पाहिलेत. म्हणजे पाहिले नाहीत, पण झाले असणार.

आमच्या ऑफिसात माणसं चार. एक मी. एक पात्रांव, म्हणजे मालक; आमच्याकडे मालकाला असंच म्हणतात. खालचं दुकान त्याच्या भावाचं. घराणं व्यापारी, मानाचं, देवळाच्या पालखीला खांदा द्यायचा मान पिढ्यान् पिढ्या ह्यांच्या घराकडे. आणि उरलेले दोघं म्हणजे माझ्या डोक्यावर पोळी भाजणारे दोन निखारे.

पहिला डिचोलीचा. त्याच्या बापाचे खाणीवर ट्रक होते, त्यामुळे जड वस्तू हळू चालते ही गोष्ट त्याला सृष्टीचा नियम वाटते. आमचं जुनं बिल्ड टूल त्यानं बसवलेलं. त्याची सेटिंगची फाइल त्यानं वर्षानुवर्षं अशी वाढवली होती, जशी काही लोक वारूळ वाढू देतात: भक्तीनं आणि लांबून. फाइलीच्या माथ्यावर त्यानं स्वतःच लिहिलं होतं, ‘हात लावू नये’. आत अशा ओळी होत्या की त्या कशासाठी आहेत हे विचारलं तर तोही हात जोडायचा. सकाळी ते यंत्र सुरू करून मी खाली जायचे, भजी खायचे, हार्डवेअरवाल्याशी त्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलायचे, वर यायचे, आणि यंत्र अजून घसा खाकरत असायचं.

दुसरा बांद्याचा. रोज हद्द ओलांडून मोटरसायकलवरून येतो, जेवण उभ्यानं जेवतो, वाक्य अर्ध्यात सोडून पुढचं सुरू करतो. त्याला नवं बिल्ड टूल हवं होतं. ते बटण दाबताच सुरू होतं हे खरं. इतकं लवकर की त्याच्या म्हणण्याप्रमाणे बटण दाबायचा विचार केला तरी पुरे.

आता मावशी. मावशी हरमलला राहते. मावसा गेल्यावर तिनं घराच्या दर्याकडच्या बाजूला चार खोल्या काढल्या आणि हंगामात पाहुणे ठेवू लागली. पूर्वी तोंडातोंडी पाहुणे यायचे. एक वर्षी उतरलेला पुढच्या वर्षी मित्राला पाठवायचा. आता सगळे फोनवर शोधून येतात, आणि फोनवर जो दिसत नाही तो हरमलला असूनही नसतो. हे हेरून एक दलाल दारोदार फिरत होता. काळा चष्मा, पांढरे बूट, वाळूत पांढरे बूट! त्याचं म्हणणं, अख्खं घरच हंगामभर लीजवर द्या, पुढचं आम्ही बघतो. शेजारच्या दोन घरांनी दिलं. त्या घरच्या बायका आता हंगामात मागच्या खोपीत राहतात आणि आपल्याच बाल्कांवात, म्हणजे पुढच्या सोप्यावर, बसायला विचारून येतात. मावशीनं त्याला सांगितलं होतं, ‘दसरो होवंदे, मगे ये.’ कारण मी तिला शब्द दिला होता. आमचं ऑफिस तिची आणि आजूबाजूच्या घरांची साइट करणार होतं, दसऱ्याच्या आत. साइट झाली तर खोल्या तिच्या. नाही झाली तर पांढरे बूट बाल्कांवात.

पात्रांवनं काम हौसेनं घेतलं. पहिल्याच बैठकीत बांद्याचा म्हणाला, “काम नवा आसा, तर यंत्रय नवा घेवया.” आणि डिचोलीचा आपली खुर्ची अशी मागे सरकवून उठला, की खाली दुकानात रंगाचा डबा पडला. हे खरं आहे. पिवळा रंग. डाग अजून आहे.

“तुझा ता यंत्र सुरू होयसर माझी सोलकडी आंबता,” बांद्याचा म्हणायचा.

“आंबांदे. तुझ्या त्या नव्या पोराक जुन्या फोनार पान दाखवूक जमता काय, तां आधी सांग.”

“जुनो फोन हल्ली आसता कोणाकडे रे?”

“हिच्या मावशेकडे!”

मग दोघंही माझ्याकडे असे बघायचे जसं काही मावशीला तो फोन मीच मुद्दाम जुना करून दिला.

मी म्हटलं, “मला कुठलंही चालेल. जुनं घ्या, नवं घ्या. दोन्ही चांगली आहेत, दोन्हींनी जग चाललंय. पण आज ठरवा आणि कामाला लागा. दसरा थांबणार नाही.”

“तू रंग बघ गो बाये,” डिचोलीचा मायेनं म्हणाला. “ह्यां जरा खोल आसा.”

खोल! मी पार्स्याच्या विहिरीत पोहायला शिकलेली बाई. पण ह्या एका वाक्यावर दोघांचंही एकमत झालं, आणि संपूर्ण चातुर्मासात त्यांचं एकमत झालेलं हे एकमेव वाक्य.

भांडण वाढत गेलं. रोज सकाळी ते जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू व्हायचं, जसा काही कोणी कागद मध्ये घालून ठेवला होता. संध्याकाळी पोदेर पाव घेऊन जिन्याखाली यायचा आणि भोंपू वाजवायचा. आमच्या आरडाओरड्यात त्याचा भोंपू ऐकू येईना, म्हणून त्यानं सायकलला ट्रकचा हॉर्न बसवला. मोप्याला उतरणाऱ्या एका विमानानं आमच्यावर एक घिरटी जास्त घातली, वैमानिकाला वाटलं असणार खाली कुठे तरी जत्रा आहे. आणि एवढं होऊन एक ओळ लिहिली गेली नव्हती. मावशीचा फोन यायचा: “झाला गो?” मी म्हणायचे, “होता होता,” म्हणजे होतंय, होतंय. ‘होता होता’ म्हणताना माझे दात एवढे आवळले जायचे की एक दाढ मी गिळलीच म्हणा.

मी पात्रांवकडे गेले. “पात्रांव, तुम्ही मालक. बोट ठेवा एकावर.”

पात्रांवनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बोट कसां ठेवू गो? एकाक बरा म्हटलंय तर दुसरो उद्या सकाळी येवचो नाय. दोगांचोय मान आसा.”

मान! इथेच सगळं घसरलं. आमच्या गावात मान ही चीज कशी चालते हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. जत्रेत पहिला नारळ कुणाचा, पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर, हे ठरलेलं. त्यात एक घर वगळलं तर सात पिढ्या बोलणं बंद. त्यामुळे जत्रेत शहाणपण ह्यात, की कुणालाच वगळायचं नाही. ते जत्रेत बरोबर आहे. पण ह्या सद्गृहस्थाच्या डोक्यात बिल्ड टूलही मानकरी होऊन बसलं.

आणि मग त्यानं ते वाक्य काढलं जे ऐकून मला वाटलं, मी आत्ताच्या आत्ता जिना उतरून खाली जावं आणि खिळे विकायला लागावं. “आपण देवाक विचारूया,” तो म्हणाला. “कौल लावया.”

आता कौलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडे लग्न असो, घर असो, ट्रक घ्यायचा असो, देवळात जाऊन कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला मोठ्यानं आपली बाजू सांगतो. मग वाट बघायची. उजव्या अंगाची पाकळी पडली तर होय, डाव्या अंगाची पडली तर नाही. माझ्या आईनं माझ्या नोकरीला कौल लावला होता. उजवा पडला होता. देवानं तेव्हा पात्रांवला नीट पाहिलं नसावं.

तर एका सोमवारी आम्ही चौघं देवळात. गुरव चाळिशीतला, दुपारी रिक्षा चालवतो. त्यानं विचारलं, “प्रश्न कसलो?”

पात्रांवनं समजावलं. गुरवानं डोकं खाजवलं. “म्हणजे ट्रक घेवचो काय बस, असां?”

“तसांच समज.”

“मगे विचारतंय, ट्रक काय बस.”

“नको नको!” पात्रांव घाबरला. “असां सरळ विचारलंस तर एकाचो अपमान होतलो. तू आपलां सगळ्यांक धरून गाऱ्हाणां घाल.”

आणि गुरवानं घातलं. काय घातलं! देऊळ दणाणलं. “बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. ह्येंच्या कामात जो काय अडथळो आसात, कोणाची नजर आसात, वायरीत काय बिघाड आसात, तो तुझ्या पायाखाली घे. जुन्या यंत्राक सांभाळ, नव्या यंत्राक सांभाळ. डिचोलेच्या झिलाचो मान राख, बांद्याच्या झिलाचो मान राख. दोनय चुली पेटत्या ठेव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही ओरडलो. सगळ्यात मोठ्यानं मी. गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं नाही, एवढी माझी छाती नाही.

पाकळी पडली. उजवी. टपकन. पात्रांवच्या डोळ्यांत पाणी आलं. डिचोलीच्यानं आणि बांद्याच्यानं एकमेकांकडे पाहिलं, जणू दोघांचीही मुलगी उजवली.

मी सांगते, ह्यात देवाची काडीची चूक नाही. त्याला ‘जुनं की नवं’ हे कोणी विचारलंच नाही. त्याला विचारलं, सगळ्यांचं बरं कर ना? आता ह्याला कुठला देव नाही म्हणेल? पण एकदा कौल घेतला की त्याच कामाला परत विचारत नाहीत. तो बांधून घेतो. देवळाच्या पायऱ्या उतरताना पात्रांवनं निकाल दिला: दोन्ही. खोल्यांचे फोटो आणि माहिती नव्या यंत्रावर, तारखांचं कॅलेंडर आणि बुकिंग जुन्या यंत्रावर. “पालखेक कशे दोनय बाजूंनी खांदे लागतत, तसां,” तो म्हणाला आणि स्वतःच्या उपमेवर खूश झाला.

“पात्रांव,” मी चप्पल घालता घालता ओरडले, “खांदे दोन असतात, पण पालखी एकच असते! तुम्ही दोन पालख्या काढताय आणि दोन्हींत बसायला देव एकच!”

“तू बारकी आसस,” पात्रांव म्हणाला. “मान काय ता तुका कळाक वेळ आसा.”

झालं. कामाला सुरुवात झाली, आणि मानानं सुरुवात झाली. दोघंही आता इतके गोड बोलायला लागले की मला जुनं भांडण बरं वाटू लागलं. “तुमचां आधी,” “नाय नाय, तुमचां.” दोन यंत्रं, दोन गाठोडी. आता प्रत्येक गाठोड्यात पान चालवायला लागणारा तोच तो कोड, म्हणजे पानाचं इंजिन म्हणा, वेगवेगळं भरलेलं. म्हणजे मावशीच्या चार खोल्या बघायला येणाऱ्या माणसाच्या फोनवर आधी एक इंजिन उतरणार, मग त्याच्या मागोमाग तेच इंजिन परत उतरणार. मी हे डिचोलीच्याला सांगितलं. तो म्हणाला, त्याच्यातलं काढायला सांग. बांद्याच्याला सांगितलं. तो म्हणाला, त्याच्यातलं काढायला सांग. पात्रांव म्हणाला, “कोणाच्याच ताटातला काढू नये.”

तयार झाल्यावर ऑफिसात उघडून बघितलं. वायफायवर पान भुर्रकन उघडलं. पात्रांवनं पेढे वाटले. खालचा हार्डवेअरवाला वर येऊन पेढा खाऊन गेला आणि काय झालं ते न विचारता ‘छान छान’ म्हणाला.

मी पेढा न खाता स्कूटर काढली आणि हरमलला गेले.

मावशी बाल्कांवात बांगडे साफ करत बसली होती. मी तिचा फोन घेतला, साइट उघडली. चाक फिरायला लागलं. तिनं फोन जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बांगडे साफ झाले. चाक फिरतंय. बांगड्यांना मसाला लागला. चाक फिरतंय. बांगडे तळून झाले, आम्ही जेवलो, मावशीनं उष्टी पानं टाकली, हात पुसले, आणि फोनकडे बघून म्हणाली, “फिर बाबा, फिर. तुका तरी दुसरां काय काम आसा.” फोन इतका तापला होता की मांजर येऊन त्याला टेकून झोपलं. शेवटी एकदाचा अर्धा फोटो आला: खोलीचा वरचा भाग, म्हणजे पंखा. कॅलेंडर आलंच नाही.

“पंखो बरो दिसता,” मावशी म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. तेच जास्त लागलं. ती मला धीर देत होती!

तिथूनच मी पात्रांवला फोन लावला, त्यानं स्पीकर चालू केला. तो म्हणाला, हरमलचं नेटवर्क खराब. डिचोलीचा म्हणाला, फोटोंचा भाग जड झालाय. बांद्याचा म्हणाला, कॅलेंडरचा भाग जड झालाय.

“एक काढा,” मी ओरडले. शेजारच्या माडावरचे कावळे उडाले, त्यातला एक अजून परतला नाही. “जुनं काढा नाही तर नवं काढा, मला कशाचंही सुतक नाही! पण एक काढा! माझी मावशी खोपीत जाईल हो!”

पलीकडून पात्रांव दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “मगे कौल मोडूचो म्हणतंस?”

त्या क्षणी मला जो राग आला त्याचं वर्णन करायची सोय मराठीत नाही, कोकणीत आहे पण छापता येत नाही. देवाचं नाव पुढे केलं की ह्यांना काही ठरवावं लागत नाही. कोणी चुकत नाही, कोणी हरत नाही, कोणाची खुर्ची हलत नाही. सगळ्यांचा मान शाबूत. बेघर कोण होणार? तर जिचा ह्या सगळ्यात मान कुठेच मांडलेला नाही ती. गाऱ्हाण्यात डिचोली होती, बांदा होता, वायरी होत्या. हरमलच्या मावशीचं नाव घ्यायला कोणाला सुचलं नव्हतं. मला धरून!

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल यायचा होता. मी ऑफिसात कळवलंच नाही. पहाटेच लॅपटॉप घेतला आणि मावशीच्या रांधपाच्या खोलीत चुलीजवळच्या मेजापाशी जाऊन बसले.

“मावशे, पाहुणे फोन करतात तेव्हा पहिल्यांदा काय विचारतात?”

मावशी नारळ खवत होती. “पाणी चोवीस तास आसा काय. दर्या किती लांब. मासळी करून घालतस काय. आणि कुत्रो भुकता काय.”

“भुंकतो?”

“भुकता. सांग भुकता म्हणान. उगाच लपव नको.”

मी बिल्ड टूल उघडलंच नाही. ना जुनं, ना नवं. सरळ कोऱ्या फाइलीत हातानं पान लिहायला बसले, जसं शाळेत शिकवणारे पहिल्या तासाला लिहायला लावतात. एक पान, एकच. वर घराचा फोटो, खाली चार खोल्यांचे चार फोटो, पिळून पिळून एवढे बारीक केलेले की त्यांचं वजन माश्यासुद्धा उचलतील. मग मावशी बोलली तशी वाक्यं: पाणी चोवीस तास. दर्या हाकेच्या अंतरावर. मासळी घरची. कुत्रा भुंकतो, चावत नाही. आणि खाली एक मोठं बटण, जे दाबलं की थेट मावशीला फोन. कॅलेंडर नाही. मावशीला तारखा तोंडपाठ असतात, तिलाच विचारा ना! ‘कॅलेंडर हवंच’ हे आमच्यापैकी कोणी ठरवलं होतं? मला आठवत नाही. बहुतेक जुन्या यंत्राला काम हवं म्हणून.

बाहेर मोटार थांबली. पांढरे बूट आले. दलाल बाल्कांवातल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसला, मावशीची कदेल, मावशी रोज संध्याकाळी जिच्यावर बसते ती. “मावशे,” तो म्हणाला, “सही मार, मगे तू निवांत. हंगामभर हात जोडून बस.”

“हात जोडून मी देवळात बसतंय,” मावशी आतून म्हणाली. “चाय घेतलंस?”

मी पान चढवलं. बाहेर आले. अंगाला घाम, केसात खोबरं. दलालाला म्हटलं, “दादा, तुमच्या फोनवर जरा हे उघडून दाखवा.” आणि मी त्याला उठवून विहिरीजवळ नेलं, कपडे धुवायच्या दगडापाशी, जिथं हरमलमधलं सगळ्यात वाईट नेटवर्क आहे. तिथं फोन सोडा, हाकसुद्धा पोचत नाही.

त्यानं पत्ता टाकला. बोट उचलायच्या आत पान उघडलं. मी खोटं बोलत असेन तर त्या दलालाला विचारा. त्यानं वरून खाली पाहिलं, चार खोल्या पाहिल्या, परत वर गेला, आणि गंभीरपणे विचारलं, “कुत्रो खरोच चावणा नाय ना?”

मावशी मागून आली होती. तिनं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता पाठीवर हात फिरवेल.

“ह्यां तू आज सकाळी केलंस?”

“होय.”

“एकटीन?”

“होय.”

“मगे ते तिघे इतको येळ करी काय होते?”

मी केसातलं खोबरं काढायला लागले.

दलालाला तिनं चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली, आणि सांगितलं की ह्या वर्षी नको. तो जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी विचारतो. मावशी म्हणाली, विचार, विचारूक कोण नको म्हणता.

इथे तुम्हाला वाटेल त्याच क्षणी फोन वाजला आणि चारही खोल्या भरल्या. मी एवढी गप्पिष्ट असूनही तसं सांगणार नाही. फोन वाजला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी नखं खात होते, नखं संपल्यावर मी स्कूटरच्या हँडलचं रबर खाल्लं. मग एक दिवस पुण्याहून एका बाईचा फोन आला: आमच्याकडेही कुत्रा आहे, तो तुमच्या कुत्र्याशी भांडेल का? मावशी म्हणाली, “भांडात, मगे गप रवात. माणसांसारखे नाय ते.” बाई आली. मग तिची बहीण आली.

ऑफिसात मी ते पान दाखवलं. डिचोलीच्याचा चेहरा पडला. “बिल्ड टूलशिवाय? ह्यां काय पान झालां?” बांद्याचा म्हणाला, “अगदी बरोबर.” आता दुसऱ्यांदा एकमत! मी आयुष्यात दोनदा ह्यांना एकत्र आणलं आणि दोन्ही वेळा माझ्याविरुद्ध. पात्रांव मात्र सगळ्यांना सांगत सुटला की ‘आमच्या ऑफिसानं’ हरमलला साइट केली, कौल उजवा होता तो हा असा.

मग शेजारची घरं मागायला लागली. एक, दोन, पाच, आणखी. हातानं पानं लिहिता लिहिता मी एकदा एका घराच्या पानावर दुसऱ्याच्या विहिरीचा फोटो लावला, आणि त्या दोन घरांत विहिरीवरूनच आधी वाद होता. तेव्हा मला कळलं की आता यंत्राशिवाय चालणार नाही. बोंडं टोपलीभर असली तर हातानं पिळता येतात, पण बागच पिळायची असली तर कुंडी लागतेच. हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते! यंत्राला माझा विरोध कधी नव्हताच.

पात्रांवनं चष्मा काढला, पुसायला लागला. मी ओळखलं काय येणार ते.

“देवाक परत त्रास देऊ नका,” मी म्हटलं. “मी ठरवलंय. नवं. दोन्हींवर तेच पान बांधून मावशीच्या विहिरीजवळ, तिच्या फोनवर उघडून बघितलं, नवं आधी उघडलं. उद्या जुनं आधी उघडलं असतं तर मी जुनं घेतलं असतं आणि बांद्याच्याला सोलकडी पाजली असती. डिचोलीच्या, तुझी फाइल मी पुसत नाही, पण उघडतही नाही. आणि मान कोणाचा हे परत कोणी विचारलं तर मान मावशीचा.”

डिचोलीचा तीन दिवस बोलला नाही. मग बोलला, कारण गप्प राहायला त्यालाही कंटाळा आला. आता तोच नव्या यंत्राच्या सेटिंगची फाइल वाढवतोय. परवा मी बघितलं, वर त्यानं लिहिलंय, ‘हात लावू नये’. मी ती ओळ पुसली. त्यानं परत लिहिली. मी परत पुसली. हे चालू राहील, आणि माझा रागही.

मावशीच्या खोल्या ह्या हंगामात तिच्याच होत्या. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. संध्याकाळी ती तिच्या कदेलीवर बसते आणि आपलं पान उघडून बघते, जसं झोपण्याआधी गॅस बंद आहे ना ते बघतात तसं. मी समोर असले तर फोन माझ्याकडे वळवते.

“उघडता,” ती म्हणते. “ऑफिसात सांग.”